पार्सल घेताना टिप द्यावी का? (अमेरिका)

प्लेनोतला_पेठकर

शुक्रवारी संध्याकाळी दोघांनाही स्वयंपाकाचा कंटाळा आला, म्हणून नेहमीच्या देशी हॉटेलात फोन करून दोन बिर्याण्या, एक पनीर आणि चार नान सांगितले. वीस मिनिटांनी गेलो. दाराशेजारच्या रॅकवर माझ्या नावाची पिशवी होती, ती मीच उचलली. पैसे द्यायला काउंटरवर गेलो तर तिथल्या मुलीने टॅबलेट माझ्याकडे फिरवला आणि छताकडे बघू लागली. १८, २०, २५. त्याखाली बारीक अक्षरात 'कस्टम' आणि त्याहून बारीक 'नो टिप'. मागे चार माणसे उभी, त्यातला एक आमच्याच ऑफिसातला. बोट आपोआप १८ वर गेले. बिल ४३ डॉलर, टॅक्स धरून ४६.५५, टिप ८.३८.

गाडीत बसल्यावर डोके फिरले. हे ८.३८ नक्की कशाचे? बसून जेवलो तर मी २० टक्के देतो, त्यात खळखळ करत नाही. घरपोच मागवले तरी देतो. पण इथे फोन माझा, पेट्रोल माझे, पिशवी मी उचलली. खरे तर टिप मलाच मिळायला हवी होती.

तर प्रश्न असा: पार्सलला टिप देता का? किती? आणि 'नो टिप' दाबताना त्या मुलीच्या डोळ्यांत बघता की जमिनीकडे?

(बायको म्हणाली, "भरलेस ना पैसे? आता त्यावर धागा काढू नकोस." म्हणून काढतो आहे.)

चिंगी_सिनियर

शंभरी धागा. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. पॉपकॉर्नवर टिप दिली नाही.

वरणभात

४३ चे १८ टक्के ७.७४ होतात. तुमच्याकडून ८.३८ घेतले, म्हणजे टक्केवारी टॅक्सवर पण लावली. ६४ सेंट टेक्सास सरकारच्या सन्मानार्थ दिलेत. बऱ्याच ठिकाणी स्क्रीन तशीच लावलेली असते, पुढच्या वेळी 'कस्टम' दाबून आकडा स्वतः टाका.

ढगातला_बाबा

मी देत नाही. शून्य. डोळ्यांत बघून 'नो टिप' दाबतो आणि वर 'हॅव अ गुड वन' म्हणतो. टिप ही सेवेची असते. पिशवी माझ्या हातात देणे ही सेवा नाही, ती विक्री आहे. उद्या वाणसामानाच्या दुकानात मेथीची जुडी पिशवीत भरून दिली म्हणून १८ टक्के मागतील. लोकांना पगार देणे मालकाचे काम आहे, माझे नाही.

एडिसनची_काकू

बाबा, तुमच्यासारख्या लोकांमुळेच इथे देशी गिऱ्हाईक आले की वेटर एकमेकांकडे बघतात. माझ्या समोर घडलेले आहे. दोन डॉलरने कोणी भिकेला लागत नाही.

ढगातला_बाबा

काकू, बसून जेवलो की मीही २० टक्के देतो. धाग्याचे नाव वाचा, 'पार्सल' लिहिले आहे.

लेकीची_आई

माझी मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी एका चेन रेस्टॉरंटमध्ये होस्टेस होती (डॅलसच्या जवळच). पार्सलचे सगळे काम तिच्याकडे. मलाही आधी वाटायचे की पिशवी द्यायला काय लागते, म्हणून तिच्याकडून ऐकलेले लिहिते.

फोन घ्यायचा. गिऱ्हाईक गाडीतून बोलत असते, त्यामुळे निम्मे ऐकू येत नाही. 'नट अ‍ॅलर्जी आहे' हे किचनला दोनदा सांगायचे. सूपच्या डब्याचे झाकण टेपने बंद करायचे, नाहीतर ते गाडीच्या सीटवर सांडते आणि माणूस परत येऊन तिच्यावर ओरडतो. सॉस मोजायचे, काटे-चमचे, नॅपकिन, मग पावती लावून पिशवी रॅकवर. रॅकवर पिशवी आपोआप उगवत नाही हो पेठकर! आणि हे सगळे दारात आलेल्या लोकांना टेबल देता देता. सुपर बोलच्या (इथल्या फुटबॉलचा अंतिम सामना) रविवारी ती घरी आली ती सरळ झोपली, बुटांसकट.

तिला तासाला ९ डॉलर मिळत आणि पार्सलच्या टिपमधला वाटा. ती सांगायची, वीस टक्के देणारा एखादाच असतो. पण दर वेळी न चुकता दोन डॉलर ठेवणारे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचे नाव तिला आजही आठवते. त्यांची पिशवी ती सगळ्यात आधी तपासायची.

तेव्हापासून मी तीन डॉलर देते. बिल कितीही असो.

प्लेनोतला_पेठकर

हे मला माहीत नव्हते. सूपच्या टेपचा मुद्दा मान्य. पण मग १८ टक्क्यांचा संबंध काय? दोन बिर्याण्या भरायला जेवढे कष्ट तेवढेच दोन डोसे भरायला. बिर्याणी महाग म्हणून टेपही महाग?

सीपीए_सुमन

इथे पगाराचा हिशोब समजून घेतल्याशिवाय भांडण व्यर्थ आहे. माझे बरेच क्लायंट रेस्टॉरंटवाले आहेत.

केंद्राच्या कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर रोख पगार दिला तरी चालते. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. एरवीचे किमान वेतन ७.२५, तेही २००९ पासून तिथेच. मधले ५.१२ टिपमधून येतात असे धरले जाते, त्याला 'टिप क्रेडिट' म्हणतात. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा, असे कायदा म्हणतो. टेक्सास याच आकड्यांवर चालते.

पण काउंटरवर फक्त पिशव्या देणाऱ्या माणसाला सहसा २.१३ वर ठेवलेले नसते, कारण त्याला नियमित टिप मिळेल याची खात्री नसते. त्याला पूर्ण तासाचा पगार असतो. मात्र बसून जेवायच्या हॉटेलात पार्सल बारटेंडरने किंवा वेटरने भरले, तर तो माणूस २.१३ वाला असू शकतो. म्हणजे उत्तर पिशवीवर नाही, पिशवी कोणी भरली यावर आहे.

आणखी एक गंमत. मोठ्या हॉटेलांना आयआरएसकडे (केंद्राचे आयकर खाते) ८०२७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. कामगारांनी दाखवलेली टिप विक्रीच्या ८ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर उरलेली रक्कम त्यांच्या नावावर वाटून दाखवायची. त्या विक्रीतून पार्सलची विक्री वगळलेली आहे! म्हणजे पार्सलवर टिप मिळतेच असे आयआरएससुद्धा गृहीत धरत नाही.

ढगातला_बाबा

आयआरएस माझ्या बाजूने आहे हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकले. फ्रेम करून लावतो.

पावसाळी_सिअ‍ॅटल

आमच्याकडे २.१३ चा प्रश्नच नाही. वॉशिंग्टन राज्यात टिप क्रेडिट नाही, कॅलिफोर्निया, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्कातही नाही. सिअ‍ॅटल शहरात २०२५ चे किमान वेतन तासाला २०.७६ डॉलर, टिप वेगळी. तरीही कॉफीच्या दुकानात मफिन चिमट्याने उचलून दिला की स्क्रीन फिरतेच, आणि २० टक्के मधोमध असतात. इथे मी पार्सलला काही देत नाही. टेक्सासला नणंदेकडे गेले की देते. नणंदेला वाटते मी तिच्यावर छाप पाडायला देते.

बे_एरियाकर

२०.७६ ऐकायला बरे वाटते, पण सिअ‍ॅटलला घरभाडे काय आहे तेही लिहा. आमच्याकडे कॅलिफोर्नियात फास्ट फूडच्या मोठ्या चेनना एप्रिल २०२४ पासून २० डॉलर द्यावे लागतात. त्या पगारात माणूस दोन तास गाडी चालवून कामावर येतो. त्याला मी दोन डॉलर दिले तर मी मूर्ख ठरतो का?

पावसाळी_सिअ‍ॅटल

मूर्ख नाही. पण मग वाणसामानाच्या दुकानातला माणूसही तेवढाच पगार घेऊन तेवढ्याच लांबून येतो. त्याला देता का?

बे_एरियाकर

... नाही देत. मुद्दा आहे.

खानावळवाला

मी न्यू जर्सीत छोटे हॉटेल चालवतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने. शिव्या घालायच्या तर शेवटी घाला.

टॅबलेट आम्ही काही खास लुटायला आणलेला नाही. पैसे घ्यायची जी यंत्रणा भाड्याने घेतो तिच्यात टिपची स्क्रीन असतेच. ती बंद करता येते, हेही खरे. मी एकदा पार्सलपुरती बंद केली होती. दुसऱ्याच आठवड्यात काउंटरवरच्या मुलाने नोटीस दिली, समोरच्या पिझ्झावाल्याकडे स्क्रीन चालू होती म्हणून.

हे खूळ वाढले २०२० मध्ये. आत बसायची बंदी, सगळा धंदा पार्सलवर. तेव्हा लोकांनी आपणहून दहा-दहा, वीस-वीस डॉलर दिले. एका आजोबांनी डाळ-भाताच्या पार्सलवर शंभर ठेवले होते, मी परत करायला गाडीपर्यंत धावलो तर काच वर करून निघून गेले. पुढे साथ गेली, स्क्रीन राहिली.

आता टिप जाते कुठे? माझ्याकडे पार्सलची टिप रात्री वाटली जाते: काउंटर, पॅकिंग, तंदूरवाला, भांडीवाला. ज्यांना पूर्ण किमान वेतन देतो, टिप क्रेडिट घेत नाही, त्यांच्यात असे किचनला धरून वाटता येते. २०१८ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून. मालकाने किंवा मॅनेजरने मात्र त्या पैशाला हात लावायचा नाही, कायद्याने बंदी आहे. वेटरांचा हिशोब वेगळा. २०२५ मध्ये आमच्याकडे किमान वेतन १५.४९ होते आणि टिपवाल्यांचे रोख ५.६२.

म्हणून बाबांना सांगतो, पार्सलची टिप तुम्ही त्या छताकडे बघणाऱ्या मुलीला देत नाही आहात. तुम्ही कधी न पाहिलेल्या तंदूरवाल्याला देत आहात. बसून जेवलात तर बहुतेक वेळा त्याला त्यातले काही मिळत नाही.

ढगातला_बाबा

खानावळवाले, सरळ विचारतो. नानची किंमत ५० सेंटने वाढवा आणि तंदूरवाल्याला द्या. मी एक शब्द बोलणार नाही.

खानावळवाला

वाढवली होती. तुम्हीच (म्हणजे तुमच्यासारखे) गूगलवर एक तारा दिलात, 'नान महागला'.

हे माझेच रडगाणे नाही. न्यूयॉर्कच्या डॅनी मायरसारख्या बड्या हॉटेलवाल्याने २०१५ पासून आपल्या हॉटेलांत टिप बंद करून किमती वाढवायचा प्रयोग केला. २०२० मध्ये टिप परत आणावी लागली. त्यांना जमले नाही ते मला एडिसनला जमणार आहे का?

रा_रा_धोंडोपंत

इतिहासात थोडे मागे जातो, मग तुमचे चालू द्या.

टिपची पद्धत युरोपातून आली आणि सुरुवातीला अमेरिकनांनाच ती आवडली नव्हती. टिप देणे म्हणजे समोरच्याला नोकर ठरवणे, आपल्या लोकशाहीला हे शोभत नाही, असे लिहिणारे खूप होते. वॉशिंग्टन राज्याने तर १९०९ मध्ये टिपबंदीचा कायदा केला (सिअ‍ॅटलवाल्यांनी नोंद घ्यावी), तो चार वर्षांत रद्द झाला. उलट बाजूला यादवी युद्धानंतर मालकांना हे सोयीचे पडले. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना नोकरी द्यायची, पगार नावापुरता, बाकी प्रवाशांच्या मर्जीवर. पुलमन कंपनीच्या रेल्वे डब्यांतले पोर्टर हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांनी १९२५ मध्ये स्वतःची संघटना काढली आणि बारा वर्षे झगडून कंपनीशी करार केला. १९३८ चा किमान वेतनाचा कायदा आला तेव्हा हॉटेल कामगार त्यात नव्हतेच. १९६६ मध्ये त्यांना आत घेतले ते टिप क्रेडिटची खुंटी मारूनच.

तेव्हा पेठकरांच्या ८.३८ मागे दीडशे वर्षे आहेत.

प्लेनोतला_पेठकर

धोंडोपंत, आता मला ते १८ टक्के कमी वाटायला लागले. असे करू नका.

टोकियोतला_टिल्लू

इथे टिप ठेवली तर वेटर धावत येऊन पैसे विसरलात म्हणून परत देतो. सेवा तुमच्यापेक्षा चांगली. एवढेच सांगायला आलो होतो.

चिंगी_सिनियर

जपानवाले प्रत्येक धाग्यावर एवढेच सांगायला येतात.

सदाशिव_खालची_आळी

पुण्यातून वाचतो आहे आणि फार करमणूक होते आहे. आमच्याकडे पार्सल म्हटले की उलट डब्याचे पैसे जादा. परवा मिसळ पार्सल घेतली, तर्री वेगळ्या पिशवीत, रबर बँड सुटला, सगळी स्कूटरच्या डिकीत. सांगायला गेलो तर म्हणाला, "पिशवी उभी धरायची असते." याला मी टिप द्यायची?

ठाणेकर_मावशी

सदाशिव 😂

पण आपल्याकडेही सुरू झाले आहेच. जेवण घरी मागवताना अ‍ॅपवर २०, ३०, ५० असे टिपचे पर्याय येतात. भर पावसात चार मजले चढून येणाऱ्या मुलाला मी देते, आणि हातात देते. हॉटेलात बिलात घुसडलेला १० टक्के सर्व्हिस चार्ज मात्र काढायला लावते. जुलै २०२२ मध्ये ग्राहक प्राधिकरणाने सांगितले की तो आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. वेटरला खुशीने द्या, बिलात सक्ती नको.

कोकणी_मेवा

अवांतर: टिपला मराठी शब्द कोणता? बक्षिसी?

रा_रा_धोंडोपंत

बक्षिसी चालेल, पण ती मोठ्याने धाकट्याला दिल्यासारखी वाटते. पोस्टमन, भंगी, गुरखा यांना दिवाळीला द्यायची ती पोस्त. 'चहापाणी' म्हटले तर सरकारी कचेरी आठवते.

कोकणी_मेवा

मग '१८ टक्के पोस्त' असा टॅबलेट पाहिजे. आणि खाली बारीक अक्षरात 'पुढच्या दिवाळीला बघू'.

एडिसनची_काकू

विषय भरकटला. बाय द वे, गणपतीच्या जेवणाच्या ट्रेंचे काय करता? आमच्या मंडळाने गेल्या वर्षी ६० माणसांचे जेवण मागवले, बिल हजारावर. स्क्रीनने २०० डॉलर दाखवले. खजिनदार घामाघूम. मी मध्ये पडून ४० देववले, त्यावरून कमिटीत अजून दोन तट आहेत.

खानावळवाला

काकू, ट्रे भरणारी आणि गाडीत ठेवून देणारी दोन पोरे असतात. त्यांना हातात वीस-वीस दिलेत तर ती तुमचा मोदकाचा ट्रे आडवा होऊ देणार नाहीत. टक्केवारी विसरा. आम्हीही मोठ्या ऑर्डरला ती अपेक्षा धरत नाही.

वरणभात

इथले शिष्टाचार शिकवणारे लोकही साधारण तेच म्हणतात. पार्सलला टिपचे बंधन नाही, ऑर्डर मोठी किंवा भानगडीची असेल किंवा कोणी गाडीपर्यंत आणून दिले तर १० टक्के. म्हणजे काकूंच्या मंडळाने १०० द्यायला हवे होते.

एडिसनची_काकू

हे कमिटीतल्या कोणाला कळवू नका, प्लीज.

लेकीची_आई

मला एक खटकते. आपण तीस डॉलरच्या बिलावर तीन डॉलरसाठी कायदे, इतिहास, जपान सगळे फिरून आलो. पण तीन डॉलर जास्तीची बोबा चहा लेकरांना घेऊन देताना कोणी धागा काढत नाही.

ढगातला_बाबा

कारण बोबा चहावाला तो द्यायचा की नाही हे चार लोकांसमोर मला विचारत नाही. पैशाचा मुद्दा नाहीच आहे. मी महिन्याला याहून कितीतरी जास्त दान करतो. मला चिडवते ती स्क्रीन. पूर्वी काउंटरवर बरणी असायची, द्यायचे तर द्या, कोणी बघत नसे. आता परीक्षा घेतात. परीक्षा असेल तर मी कॉपी करणार नाही, नापास होणार.

लेकीची_आई

हे मात्र पटले. माझी मुलगीही सांगायची की स्क्रीन फिरवताना तिलाच लाज वाटायची. छताकडे बघायला ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत, ते आपोआप येते.

सीपीए_सुमन

जाता जाता: २०२५ ते २०२८ या वर्षांत टिपच्या २५,००० डॉलरपर्यंत केंद्राच्या आयकरात वजावट मिळणार आहे, उत्पन्न फार जास्त नसेल तर. पण टिप ऐच्छिक असली पाहिजे, सक्तीचा सर्व्हिस चार्ज त्यात बसत नाही. तेव्हा स्क्रीनवरचे 'नो टिप' बटण सहजासहजी जाणार नाही. बाबा, तुमचे बटण सुरक्षित आहे.

प्लेनोतला_पेठकर

सगळे प्रतिसाद वाचले, धन्यवाद. काल परत त्याच हॉटेलात गेलो. गर्दी नव्हती, म्हणून मुलीला सरळ विचारले की पार्सलची टिप कोणाला जाते. आधी ती दचकली, मग म्हणाली की रात्री सगळ्यांत वाटतात, किचनमधल्या दोघांना पण. मी स्क्रीनवर 'नो टिप' दाबले आणि कॅशमध्ये तीन डॉलर बरणीत टाकले. ती हसली, छताकडे बघितले नाही. बायकोला फोनवर सांगितले, तीही खूश.

घरी येऊन पिशवी उघडली तर रायता नाही.

चिंगी_सिनियर

८.३८ दिले होते तेव्हा रायता होता का?

प्लेनोतला_पेठकर

होता. दोन होते.